पीई लायसन्स काढायचंय? एफईपासून शिक्क्यापर्यंत काय काय करावं लागतं

अमेरिकेत एमएस करून सिव्हिल, मेकॅनिकल नाहीतर इलेक्ट्रिकलच्या नोकरीला लागलेली आपली मुलं-मुली मला नेहमी दोनच प्रश्न विचारतात, पीई (प्रोफेशनल इंजिनियर) करायलाच हवं का आणि परीक्षा किती अवघड असते. परीक्षेचं म्हणाल तर नीट तीन-चार महिने बसलात तर जमते, त्याचं एवढं टेन्शन घेऊ नका. पण कागदपत्रं कधीपासून जमवायची हे कुणीच विचारत नाही, आणि गाडी अडते ती नेमकी तिथेच. परीक्षा पास होऊन वर्ष झालं तरी हातात लायसन्स नाही असे लोक मी बघितलेत, कारण काय तर जुना बॉस कंपनी सोडून गेला, त्याचा पत्ता नाही आणि तीन वर्षांच्या कामावर सही करायला कुणीच उरलं नाही. म्हणून आधीच सांगतो, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून फाइल उघडा, अभ्यास नंतर आहेच.

आधी हे लायसन्स म्हणजे नेमकं काय ते थोडक्यात. हे लायसन्स केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचं बोर्ड देतं, त्यामुळे टेक्सासचं लायसन्स घेऊन ओहायोतल्या प्रोजेक्टवर सही करता येत नाही, प्रोजेक्ट ज्या राज्यात त्या राज्याचं लायसन्स लागतं. मुख्य परीक्षा मात्र सगळीकडे एकच असते आणि ती एनसीईईएस नावाची संस्था घेते. पहिला कायदा वायोमिंगने १९०७ मध्ये केला, तिथे पाण्याच्या हक्कांसाठी येणारे नकाशे वकील, नोटरी असे कुणीही काढून सह्या करत होते, ते थांबवायला. कॅलिफोर्नियात १९२८ ला सेंट फ्रान्सिस धरण फुटलं आणि दुसऱ्याच वर्षी सिव्हिल इंजिनियरांसाठी कायदा आला. टेक्सासमध्ये १९३७ ला न्यू लंडनच्या शाळेत गॅसचा स्फोट होऊन शेकडो मुलं गेली, त्याच वर्षी तिथला कायदा झाला. म्हणजे या लायसन्सच्या मागे माणसं मेल्याचा इतिहास आहे, आणि म्हणूनच बोर्डवाले कागदपत्रांबाबत इतके कडक असतात.

करिअरला उपयोग किती?

हे तुम्ही कुठल्या फील्डमध्ये आहात त्यावर आहे. सिव्हिल, स्ट्रक्चरल, पाणी, रस्ते, बिल्डिंगचं एचव्हीएसी (हीटिंग, व्हेंटिलेशन, एसी), पॉवर सिस्टिम, फायर प्रोटेक्शन यात कन्सल्टिंग करत असाल तर पीईशिवाय एका लेव्हलच्या वर जाताच येत नाही. ड्रॉइंगवर शिक्का मारायचा अधिकार फक्त पीईला असतो, म्हणून कंपनी प्रपोजल पाठवते तेव्हा की-पर्सनेलमध्ये पीईचीच नावं जातात, सरकारी खात्यांच्या सिनिअर पोस्टना जाहिरातीतच पीई आवश्यक असं लिहिलेलं असतं, आणि उद्या स्वतःची फर्म काढायची असेल तर लोकांना इंजिनियरिंग सेवा देणाऱ्या फर्ममध्ये जबाबदार पीई असावाच लागतो. कोर्टात एक्स्पर्ट विटनेस म्हणून काम करायचं झालं तरी वकील पहिल्यांदा लायसन्स बघतात.

याउलट तुम्ही कार कंपनीत, चिप कंपनीत, विमानाच्या कारखान्यात प्रॉडक्ट डिझाइन करत असाल तर बहुतेक राज्यांत इंडस्ट्रियल एक्झेम्प्शन असतं, म्हणजे कंपनीच्या आतल्या कामाला लायसन्स लागत नाही. तिथे पीई असलं तर चांगलंच, पण प्रमोशन त्यावर अडत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी तर पीईची वेगळी परीक्षा २०१३ ला सुरू झाली होती, पण बसणारेच इतके कमी की २०१९ नंतर ती बंद केली. त्यामुळे सगळे करतात म्हणून मीही करतो असं करू नका, तुमच्या ऑफिसमध्ये तुमच्यापेक्षा दोन पायऱ्या वर बसलेल्या लोकांच्या ईमेलच्या खाली पीई लिहिलंय का ते बघा, उत्तर तिथेच मिळेल. तरी माझं मत विचाराल तर एफई, म्हणजे पीईच्या आधीची पायाभूत परीक्षा, मात्र सगळ्यांनीच द्यावी, कारण कॉलेजचं डोक्यात ताजं असताना ती सोपी जाते आणि दहा वर्षांनी फील्ड बदललं तर डायनॅमिक्स परत पहिल्यापासून करायला फार जड जातं.

शिक्क्याचं वजन किती असतं ते कळायला एक गोष्ट माहिती असायला हवी. १७ जुलै १९८१, कॅन्सस सिटीतलं हयात रीजन्सी हॉटेल. लॉबीत वर लटकवलेले वॉकवे होते, चौथ्या मजल्याचा आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ डिझाइनमध्ये छतापासून खालपर्यंत एकच सलग रॉड होता आणि दोन्ही वॉकवे त्याच रॉडला आपापल्या नटवर बसलेले होते. फॅब्रिकेशनच्या सोयीसाठी ते बदलून दोन वेगळे रॉड केले, एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत आणि दुसरा चौथ्या मजल्याच्या बीमपासून खाली. कागदावर फरक अगदी किरकोळ दिसतो. पण फ्री बॉडी, म्हणजे एकेका भागावर कुठला भार येतो त्याची आकृती, काढून बघा, आता चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटवर दोन्ही वॉकवेंचा भार आला, म्हणजे दुप्पट, आणि मूळचं कनेक्शनसुद्धा कोडमध्ये बसत नव्हतं. ११४ माणसं गेली. शॉप ड्रॉइंगवर इंजिनियरचा शिक्का होता, पण त्या कनेक्शनचं गणित कुणी केलेलंच नव्हतं, आणि पुढे मिसुरीत त्या इंजिनियरांची लायसन्स रद्द झाली. पगार वाढतो, पद वाढतं ते सगळं खरं, पण त्या शिक्क्याने तुम्ही काय अंगावर घेताय हे असं आहे.

पहिली पायरी एफई

एफई म्हणजे फंडामेंटल्स ऑफ इंजिनियरिंग. २०१४ पासून कॉम्प्युटरवर होते, पिअरसन व्हीयूईच्या सेंटरवर, वर्षभर कधीही. ११० प्रश्न आणि ५ तास २० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला तीन मिनिटंसुद्धा नाहीत. सात प्रकार आहेत: सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर, केमिकल, एन्व्हायर्न्मेंटल, इंडस्ट्रियल, आणि बाकीच्यांसाठी अदर डिसिप्लिन्स. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. एथिक्स आणि इंजिनियरिंग इकॉनॉमिक्स हे आपले लोक ऑप्शनला टाकतात आणि तिथेच हुकतं, अहो तेच तर सगळ्यात स्वस्त मार्क आहेत. इकॉनॉमिक्सची व्याजाची टेबलं परीक्षेत स्क्रीनवर मिळणाऱ्या हँडबुकमध्ये दिलेली असतात, आणि एथिक्समध्ये लोकांची सुरक्षितता आधी आणि आपल्याला येत नाही त्या कामावर सही नाही, एवढं पक्कं असलं की निम्मं काम झालं.

एनसीईईएसचं अकाउंट उघडताना एक गोष्ट, नाव. आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी शेवटी आईचंही असतं. पासपोर्टवर वेगळं, ड्रायव्हिंग लायसन्सवर वेगळं, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर तिसरंच. सेंटरवर आयडीवरचं नाव आणि रजिस्ट्रेशनचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, फीही जाते. म्हणून आयडीवर जे आहे तेच तसंच्या तसं टाका, आणि नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी आत्ताच फाइलला लावून ठेवा, पुढे डिग्रीच्या तपासणीत लागतेच.

डिग्रीचं मूल्यमापन, जिथे सगळ्यात जास्त वेळ जातो

तुमची बीई भारतातली असेल तर बहुतेक बोर्डं एनसीईईएसकडून डिग्रीचं क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन, म्हणजे ती अमेरिकेतल्या डिग्रीच्या तोडीची आहे का याची तपासणी, मागतात. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये, म्हणजे एकमेकांच्या इंजिनियरिंग डिग्र्या मानायच्या देशांमधल्या करारात, आहे हे खरं, पण त्याने आपोआप काम होईल असं धरून चालू नका, कारण अकॉर्डमध्ये तुमचा कोर्स आणि तुमचं वर्ष बसायला हवं आणि वर प्रत्येक बोर्ड ते मानेलच असंही नाही. एमएस अमेरिकेतली आहे ना मग बीईचं कशाला असंही लोक म्हणतात, काही राज्यं त्यावर सवलत देतात पण काही देत नाहीत, म्हणून ज्या राज्यात अर्ज करायचाय त्या बोर्डाचे नियम स्वतः वाचा, मित्राने दुसऱ्या राज्यात काय केलं ते ऐकून निर्णय घेऊ नका.

यात लागतं काय, तर विद्यापीठाकडून थेट पाठवलेली ट्रान्सस्क्रिप्ट आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस. हे ऐकायला सोपं आहे पण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या पॅटर्नचा सिलॅबस शोधायला बसलात की कळतं. त्यामुळे पुढच्या वेळी सुट्टीला घरी जाल तेव्हाच कॉलेजमध्ये जाऊन सिलॅबसच्या शिक्का मारलेल्या कॉपी घेऊन या, ट्रान्सस्क्रिप्टचे एक-दोन जादा सीलबंद सेट काढून ठेवा आणि ज्या क्लार्कने मदत केली त्यांचा नंबर जपून ठेवा. भारतातल्या डिग्रीत बहुतेक वेळा कमी पडतं ते ह्युमॅनिटीज आणि सोशल सायन्सच्या क्रेडिटमध्ये, गणित आणि इंजिनियरिंगचे विषय भरपूर असतात. कमी पडलं तर घाबरू नका, कम्युनिटी कॉलेजमध्ये इतिहास, इकॉनॉमिक्स, मानसशास्त्र असे कोर्स ऑनलाइन करून भरून काढता येतं, फक्त कुठला कोर्स चालेल ते बोर्डाला आधी लेखी विचारून घ्या.

अनुभव, आणि तो लिहायचा कसा

साधारण नियम असा की मान्यताप्राप्त डिग्रीनंतर चार वर्षांचा अनुभव, तोही पीईच्या हाताखाली, आणि जबाबदारी वर्षागणिक वाढत गेलेली दिसायला हवी. अमेरिकेतल्या एमएसला बऱ्याच ठिकाणी एक वर्ष धरतात. पूर्वी हा अनुभव पूर्ण झाल्याशिवाय पीई परीक्षेला बसताच यायचं नाही, आता नेव्हाडा, कॅलिफोर्निया, टेक्सास अशा कितीतरी राज्यांत आधी परीक्षा देऊन मग अनुभव पूर्ण करता येतो. तुमच्या राज्यात हे चालत असेल तर वाट बघू नका, लग्न, घर, मुलं व्हायच्या आधी परीक्षा उरकून टाका.

आता लिहायचं कसं. अर्ज परत येतात ते बहुतेक याच भागात. एका ज्युनिअरने लिहिलेलं असं होतं: ‘पुलाच्या प्रोजेक्टवर टीमसोबत काम केलं, डिझाइनमध्ये मदत केली आणि क्लायंट मीटिंगला हजर राहिलो.’ यातून बोर्डाला काहीच कळत नाही. तेच आम्ही बसून असं केलं: ‘दोन स्पॅनच्या स्टील गर्डर पुलाच्या अबटमेंटसाठी मी मातीचा दाब काढला, उलटणं आणि घसरणं दोन्ही तपासलं, पाइल फाउंडेशन की स्प्रेड फूटिंग याची तुलना करून पाइल सुचवले आणि सुपरवायझर पीईने माझं कॅल्क्युलेशन तपासून मान्य केलं.’ फरक दिसतोय ना? मी काय केलं, कुठला निर्णय मी घेतला, तो कुणी तपासला, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक परिच्छेदात आल्या पाहिजेत. आपल्याकडे मी मी करायची सवय नसते, सगळं आम्ही केलं असं लिहायची पद्धत, पण इथे ‘आम्ही’ लिहिलंत की बोर्ड विचारणार, मग तुम्ही काय केलंत.

दर तीन महिन्यांनी असं अर्धं पान लिहून ठेवा. नोकरी बदलताना, किंवा बॉस बदलतोय असं नुसतं कानावर आलं तरी, त्याच आठवड्यात त्या काळाच्या अनुभवाचं व्हेरिफिकेशन करून घ्या, एनसीईईएसच्या रेकॉर्डमध्ये, म्हणजे तुमची डिग्री, अनुभव, रेफरन्स एका जागी ठेवणाऱ्या त्यांच्या ऑनलाइन फाइलमध्ये, ते करता येतं. रेकॉर्डसाठी पाच रेफरन्स लागतात आणि त्यात किमान तीन पीई हवेत, त्यामुळे ऑफिसमधल्या एकाच पीईवर विसंबून राहू नका, दुसऱ्या डिपार्टमेंटच्या, क्लायंटकडच्या पीईशीही कामातून ओळख ठेवा.

पीई परीक्षा

८० प्रश्न, ८ तास, आणि ब्रेक, ट्युटोरियल धरून ९ तासांची अपॉइंटमेंट. सिव्हिलची परीक्षा २०२२ पासून कॉम्प्युटरवर आहे. २०२४ च्या एप्रिलपासून सिव्हिलचा जुना सकाळी सगळ्यांना सारखं आणि दुपारी आपापलं स्पेशलायझेशन हा प्रकार गेला, आता पाच स्वतंत्र परीक्षा आहेत, कन्स्ट्रक्शन, जिओटेक्निकल, स्ट्रक्चरल, ट्रान्सपोर्टेशन आणि वॉटर रिसोर्सेस अँड एन्व्हायर्न्मेंटल. जुन्या नोट्स कुणी फुकट दिल्या तरी त्या कुठल्या वर्षाच्या आहेत ते आधी बघा. मेकॅनिकलला तीन पर्याय, एचव्हीएसी, मशीन डिझाइन, थर्मल अँड फ्लुइड्स. इलेक्ट्रिकलवाले बहुतेक पॉवर घेतात आणि त्यांना एनईसी हा वायरिंगचा कोड बोटांवर असावा लागतो. आणि स्ट्रक्चरलची जी वेगळी एसई परीक्षा आहे ती पूर्णपणे निराळी आणि कितीतरी लांब आहे, सिव्हिल-स्ट्रक्चरल पीई आणि एसई यात गल्लत करू नका.

स्वतःची पुस्तकं नेता येत नाहीत. स्क्रीनवर एनसीईईएसचं हँडबुक असतं, सर्च करता येतं, आणि कोडची पुस्तकंही पीडीएफमध्ये असतात, पण कोडचा एका वेळी एकच चॅप्टर उघडता येतो. म्हणजे एसीआय ३१८ या काँक्रीटच्या कोडमध्ये कुठली गोष्ट कुठल्या चॅप्टरला आहे हे पाठ पाहिजे, सर्च मारून सापडेल या भरवशावर बसलात तर वेळ तिथेच जाईल. हँडबुक फुकट डाउनलोड होतं, पहिल्या दिवसापासून तेच उघडून प्रॅक्टिस करा, कोचिंगच्या सुंदर नोट्स बाजूला ठेवा, कारण परीक्षेत त्या नसणार.

आपल्या लोकांना खरा त्रास होतो युनिट्सचा. आपण एसआयवर (मीटर, किलोग्रॅम) वाढलो आणि इथे पीई सिव्हिल सगळी फूट, पाउंड, किपमध्ये (एक किप म्हणजे हजार पाउंड). पावसाचं किती पाणी वाहून येईल ते काढायची रॅशनल मेथडच घ्या, क्यू बरोबर सी आय ए, म्हणजे प्रवाह बरोबर वाहून जाणाऱ्या पाण्याचं प्रमाण गुणिले पावसाचा जोर गुणिले क्षेत्र. भारतात मिलिमीटर प्रति तास आणि हेक्टर घेऊन ३६० ने भागायची सवय. इथे पाऊस इंच प्रति तास आणि क्षेत्र एकरमध्ये घेतलं की उत्तर थेट क्युबिक फूट प्रति सेकंदात (सीएफएस) येतं, कारण एक एकर-इंच प्रति तास म्हणजे १.००८ सीएफएस, फॅक्टर लावायचीच गरज नाही. सी ०.६, पाऊस ४ इंच प्रति तास, १० एकर, झालं २४ सीएफएस. उलट नाल्यातल्या पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात एसआयला १ असतो तिथे इथे १.४८६ लागतो आणि तो विसरला की उत्तर चुकतं, गंमत म्हणजे ते चुकीचं उत्तरही पर्यायांमध्ये ठेवलेलं असतं. पाण्याचं वजन ६२.४ पाउंड प्रति घनफूट, मेकॅनिकलवाल्यांना पाउंड-मास, पाउंड-फोर्स आणि ३२.२ चा गोंधळ. यावर उपाय एकच, अभ्यासात एकही गणित एसआयमध्ये करून मग बदलायचं नाही, सुरुवातीपासून त्यांच्याच युनिटमध्ये विचार करायचा.

कॅल्क्युलेटर ठराविकच चालतात, कॅसिओचे एफएक्स-११५ आणि एफएक्स-९९१, टीआयचे ३०एक्स आणि ३६एक्स, एचपीचे ३३एस आणि ३५एस. कॉलेजात वापरलेला ९९१ असेल तर तोच न्या, हात बसलेला असतो.

त्या दिवशी वेळ कसा वापरायचा? एका प्रश्नाला सरासरी ६ मिनिटं. पहिल्या फेरीत बघताक्षणी येणारे सोडवा, बाकीचे फ्लॅग करून पुढे चला, दुसऱ्या फेरीत लांब गणितं, आणि शेवटी अंदाजाचे. पण लक्षात ठेवा, साधारण ४० प्रश्नांनंतर ब्रेक घ्यायला पहिला भाग सबमिट केला की तिकडे परत जाता येत नाही. आणि दोन भागांना वेळ वेगवेगळा नसतो, आठ तास एकत्रच चालतात, पहिल्या भागात पाच तास घालवलेत तर दुसऱ्याला तीनच उरतात. ब्रेक ५० मिनिटांचा, त्यावर वेळ गेला तर तो परीक्षेतून कापतात. कच्चं काम करायला सेंटरचीच पुसून वापरायची वही आणि पेन मिळतं, त्यावर लिहायची सवय नसते म्हणून आकडे मोठे आणि सुटे लिहा.

निकाल साधारण ७ ते १० दिवसांत ईमेलने येतो, पास किंवा नापास एवढंच, मार्क सांगत नाहीत. नापास झालात तर कुठल्या विषयात किती कमी पडलात याचा रिपोर्ट मिळतो, तो नीट वाचा आणि पुढचा अभ्यास त्यावरच बेता. वर्षभर चालणाऱ्या परीक्षांना बारा महिन्यांत तीनदाच बसता येतं, त्यामुळे बघू या जमतंय का म्हणून उगाच एक संधी घालवू नका.

राज्याचा अर्ज आणि त्यानंतर

काही राज्यांत परीक्षेआधी बोर्डाची मंजुरी लागते, काही ठिकाणी थेट रजिस्टर करता येतं. कॅलिफोर्नियात सिव्हिलवाल्यांना भूकंप आणि सर्व्हेइंगच्या दोन वेगळ्या राज्य परीक्षा द्याव्या लागतात, आणि कायद्यांवरची घरी सोडवायची एक परीक्षा कितीतरी राज्यांत असते. लायसन्स आल्यावर ते रिन्यू करत राहावं लागतं आणि बहुतेक राज्यं त्यासाठी शिक्षणाचे तास मागतात, टेक्सासला वर्षाला १५, कॅलिफोर्नियाला मात्र काहीच नाही. वेबिनारची सर्टिफिकेटं ज्या दिवशी मिळतील त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका, ऑडिट आलं की तारखेसकट मागतात.

दुसऱ्या राज्यात लायसन्स हवं असेल तर परत पीई परीक्षा नाही, कॉमिटीने, म्हणजे आधीच्या राज्याच्या लायसन्सच्या आधारावर मिळतं, आणि तिथे तुमचं एनसीईईएस रेकॉर्ड तयार असलं तर ट्रान्सस्क्रिप्ट, अनुभव, रेफरन्स सगळं एका क्लिकमध्ये त्या बोर्डाकडे जातं. पण रेकॉर्डमध्ये शेवटच्या अपडेटपासूनचा अनुभव कोरा असेल तर आधी तो भरून सही करून घ्यावी लागते, मग नवं प्रोजेक्ट दारात उभं असताना अर्ज अडकून राहतो. म्हणून लायसन्स मिळाल्यावरही ते रेकॉर्ड बंद करून ठेवू नका, नोकरी बदलली की त्याच महिन्यात नवी एंट्री टाका.